मालवणात रेकॉर्ड आधी ऐकवून विकणारं दुकान

मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे, बाहेरून कळणार पण नाही की आत रेकॉर्ड मिळतात. मी गेलेलो रेकॉर्ड प्लेयरचा बेल्ट बदलायला, तो काकांनी अर्ध्या तासात बसवला आणि तेवढ्यात मला रॅकवर स्टॅक्स या अमेरिकन कंपनीच्या गाण्यांची एलपी (मोठी रेकॉर्ड) दिसली, मालवणात! मागे ऑनलाइन मागवलेली एक पापडासारखी वाकडी आलेली म्हणून मी घाबरत होतो, पण काका म्हणाले, "आधी आयक, मगे पैशे दी." दोन्ही बाजू पूर्ण ऐकवल्या.

हे आधी ऐकवणं मला एवढं का भिडलं सांगतो. स्टॅक्स ही अमेरिकेत मेम्फिसमधली छोटी रेकॉर्ड कंपनी, १९५७ ला जिम स्टुअर्टने सॅटेलाइट नावाने काढली, रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायला त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टनने राहतं घर गहाण टाकलं आणि १९६० मध्ये त्यांनी स्टुडिओसाठी एक बंद पडलेलं थिएटर भाड्याने घेतलं. खुर्च्या काढल्या पण जमिनीचा उतार तसाच, त्यामुळे तिथल्या ड्रम आणि ब्रासचा (ट्रम्पेटसारख्या वाद्यांचा) आवाज इतर कुठे मिळत नाही. आणि जिथे खाऊचा काउंटर होता तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान मांडलं! आजूबाजूची पोरं येऊन ऐकत बसायची, काय चालेल ते बाई त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायच्या. स्टीव्ह क्रॉपर, पुढे त्यांचा मोठा गिटारवाला, आधी त्याच दुकानात काम करायचा. बाहेर काळे-गोरे वेगळे, आत एकाच बँडमध्ये.

वाईट एवढंच वाटतं की डिसेंबर १९६७ ला त्यांचा मोठा गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला आणि पुढच्याच वर्षी कळलं की जुन्या मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, करारानुसार त्यांच्या रेकॉर्ड बाजारात पोचवणाऱ्या अटलांटिक कंपनीच्या मालकीच्या आहेत, स्टुअर्टने करार नीट वाचलाच नव्हता. त्यातूनही ते उठले, आयझॅक हेजसारखा गायक मोठा केला, पण १९७५ च्या शेवटी दिवाळं निघालंच.

असो, एलपीचं सांगतो. कव्हरच्या कोपऱ्यात बुरशीचा डाग आहे, आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तेवढं चालायचंच. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला थोडी खरखर, मग एकदम स्वच्छ. ९०० रुपये, बेल्टचे वेगळे. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद असतं, आणि जाताना आपल्या आवडीच्या गायकांची नावं कागदावर लिहून द्या, काका बाजूला काढून ठेवतात.