एका खान्यासाठी दोन टॅब: नागपुरी कंपोनंट संचाचा रिव्ह्यू

परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बनलेला हा वेब कंपोनंटचा (वेबपानात बसवायच्या तयार बटणं-खान्यांचा) संच कळमन्यातल्या संत्रा-आवकेच्या फॉर्मवर लावून पाहिला. माउसने सगळं झकास चालतं. पण अडतीवरचा मुनीम माउसला हात लावत नाही. टॅब, आकडा, टॅब, एंटर, यावरच त्याचा दिवस निघतो. त्या हिशेबाने ड्रॉपडाउन सोडून बाकी संच, पुढच्या दुरुस्त्या करून, घ्यायला हरकत नाही.

ड्रॉपडाउनचं दुखणं बहाराच्या खान्यात दिसतं: आंबिया की मृग? टॅब मारला की कडा उजळते, पण खालच्या बाणाने काहीच होत नाही. पुन्हा टॅब मारा, मग बाण चालतो. होस्ट एलिमेंटवर (कंपोनंटच्या बाहेरच्या टॅगवर) टॅबइंडेक्स शून्य आहे, म्हणजे टॅबच्या रांगेत त्याला जागा आहे, आणि शॅडो डॉमच्या (कंपोनंटच्या आतल्या झाकलेल्या रचनेच्या) आत खरं बटणही आहे, म्हणून दोघंही रांगेत उभे. होस्टवरचा टॅबइंडेक्स काढा आणि अटॅचशॅडोमध्ये, म्हणजे ती आतली रचना जोडणाऱ्या कॉलमध्ये, डेलिगेट्सफोकस ट्रू द्या. मग कोडमधून होस्टला फोकस (दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा) दिला तरी तो आतल्या बटणावर जातो. हा पर्याय शॅडो रूट (त्या आतल्या रचनेचं मूळ) बनवतानाच द्यावा लागतो, मागाहून बदलत नाही.

पुढची गोची: ‘मृग’ निवडताच यादी डॉममधून (पानाच्या रचनेतून) काढली जाते. फोकस तिच्यातल्याच पर्यायावर असतो, त्यामुळे तो थेट बॉडीवर जाऊन पडतो. यादी काढण्याआधी बटणाला फोकस द्या, एका ओळीचं काम आहे. तपासताना डॉक्युमेंटचा ॲक्टिव्हएलिमेंट (फोकस कुठे आहे ते सांगणारा गुणधर्म) नुसता होस्ट दाखवतो. आतलं खरं चित्र शॅडोरूटच्या ॲक्टिव्हएलिमेंटमध्ये.

गावाच्या शोधखान्यात तर मराठीचा विचारच झालेला नाही. फोनेटिक कीबोर्डवर ‘वरुड’ टाइप करून शब्द पक्का करायला एंटर मारला, की तोच एंटर यादीतलं पहिलं गाव, काटोल, निवडून मोकळा! कीडाउनमध्ये (कळ दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) इझकंपोझिंग ट्रू असेल, म्हणजे शब्द अजून जुळतोय, तर एंटर सोडून द्यायचा, एवढंच हवं होतं.

बटणांवर फोकस-व्हिजिबल (कीबोर्डने आल्यावरच फोकसची रिंग दाखवणारा सीएसएस नियम) वापरलंय, हे बरं. माउसच्या क्लिकला रिंग उगाच उमटत नाही. पण आउटलाइन (कडेबाहेरची रेघ) नन, म्हणजे बंद, करून रिंग बॉक्स-शॅडोने (सावलीने) काढली आहे, आणि विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट मोडमध्ये शॅडो गायब होते. दोन पिक्सेलची पारदर्शक आउटलाइन ठेवली तर त्या मोडमध्ये तिला आपोआप रंग येतो. रिंगचा रंगही संत्र्याचाच! पांढऱ्या फॉर्मवर ती फिकट नारिंगी किमान हवा तो ३:१ कॉन्ट्रास्ट काही गाठत नाही. गडद निळी घ्या.

डायलॉग मात्र मन लावून केलाय. ब्राउझरचाच डायलॉग एलिमेंट शोमोडल या कॉलने उघडतो, त्यामुळे मागचं पान निष्क्रिय होतं, डायलॉग एस्केपने बंद होतो आणि फोकस जिथून आला तिथे परततो. एकच गोष्ट बदला: ‘वजन तपासा’ उघडलं की पहिला फोकस ‘रद्द करा’ बटणावर बसतो, आणि हाताच्या सवयीने एंटर मारला की नोंद गेली. क्विंटलच्या खान्यावर ऑटोफोकस टाका.