‘मशीन काम करतंय’ असं सांगून ताईच्या गोळ्या बंद करायला लावल्या

मेंदूला उत्तेजना देणारे उपचार आज खरोखर आहेत, चांगल्या रुग्णालयांत रोज दिले जातात, आणि त्यांनी माणसं बरी होतात. म्हणूनच त्यांच्या नावावर फसवणूक करणं सोपं जातं. माझ्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत हे घडलं. पैसे तर गेलेच, पण मोठ्या कष्टाने सावरत आलेली तिची तब्येत पुन्हा ढासळली, आणि मला राग आहे तो त्याचा.

ताईला बरीच वर्षं डिप्रेशन आहे. औषधं बदलत बदलत शेवटी व्हेन्लाफॅक्सिनवर ती जराशी स्थिरावली होती. झोप लागायची, घरातली कामं व्हायची, पण मनाला उभारी नव्हती. तेवढ्यात कुणीतरी एका ‘ब्रेन वेलनेस’ सेंटरचं नाव सुचवलं. औषधाशिवाय मेंदू पुन्हा कामाला लावतो, असा त्यांचा दावा. मीही तिच्यासोबत गेले.

तिथल्या बाईंनी आधी एक व्हिडिओ दाखवला. एका गृहस्थांचे हात कापताहेत, हातातला कप धरवत नाहीये. डॉक्टर एक बटण दाबतात आणि थरथर थांबते. ताई रडायलाच लागली. “हीच टेक्नॉलॉजी, फक्त ऑपरेशन नाही,” बाई म्हणाल्या. तो व्हिडिओ डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा होता, हे मला पुढे कळलं. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे आलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 साली या पद्धतीची सुरुवात केली. कवटीला छिद्र पाडून मेंदूत खोलवर बारीक तारा बसवतात, आणि त्यांना विद्युत स्पंदनं पुरवणारं बॅटरीचं यंत्र गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत ठेवतात. ऑपरेशन वगळलं तर त्यात उरतं काय? पार्किन्सनच्या रुग्णाचा व्हिडिओ डिप्रेशनच्या रुग्णाला दाखवण्याचं कारणही कुणी सांगितलं नाही.

मग ‘ब्रेन मॅपिंग’ झालं. डोक्यावर टोपी घातली, समोरच्या भिंतीकडे बघायला सांगितलं, आणि थोड्याच वेळात रंगीत छापील अहवाल हातात आला. कपाळाच्या जागी लालभडक डाग. “हा भाग आजारी आहे. गोळ्यांनी हे कधीच जाणार नाही,” असं बाईंनी सांगितलं. त्या लाल डागाने ताईवर जो परिणाम केला तो शब्दांत सांगता येणार नाही. इतकी वर्षं तिचा त्रास कुणाला दिसत नव्हता, लोक ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देत होते. आज तो कागदावर लाल रंगात दिसत होता. पूर्ण पॅकेजचे पैसे तिने त्याच दिवशी भरले.

उपचार म्हणजे काय, तर कापडी पॅड लावलेला एक पट्टा. तो डोक्याला बांधायचा आणि खुर्चीत बसून राहायचं. आवाज नाही, मुंग्या नाहीत, काहीच नाही. यालाच ते ‘टीएमएस’ म्हणत, म्हणजे बाहेरून चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूला उत्तेजना देण्याचा उपचार. भिंतीवर ‘एफडीए रजिस्टर्ड’ असं प्रमाणपत्र लावलेलं होतं. एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था.

काही बैठका झाल्यावर त्यांनी ताईला गोळ्या बंद करायला सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञांना विचारू का, असं तिने म्हटलं, तर उत्तर आलं की ते नाहीच म्हणणार, त्यांचं दुकान औषधांवर चालतं. गोळ्या थांबल्यावर दोन दिवसांतच तिला चक्कर येऊ लागली, मळमळ सुरू झाली, आणि मान वळवली की डोक्यात क्षणभर करंट गेल्यासारखं व्हायचं. तिने घाबरून सेंटरला फोन केला. मी शेजारीच बसले होते, फोन स्पीकरवर होता. बाई आनंदाने म्हणाल्या, “अहो, ही तर चांगली खूण आहे! मशीन काम करतंय. मेंदू जागा होतोय.”

व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातं. ते एकदम तोडलं तर चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, हा त्रास अगदी ओळखीचा आहे. मानसोपचाराच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. म्हणजे औषध तुटल्याची लक्षणं त्यांनी आपल्या पट्ट्याच्या नावावर जमा केली. ताई ते झटके सहन करत राहिली, उलट ते आले की तिला बरं वाटायचं. पुढे झटके कमी झाले आणि जुना आजार परतला. जेवण सुटलं, ती रात्र-रात्र जागी राहू लागली, आणि एका रात्री तिने मला जे सांगितलं ते ऐकून मी तिला त्याच वेळी रुग्णालयात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांनी आधी गोळ्या सुरू केल्या. ताई सावरल्यावर आम्ही ती फाइल त्यांच्यासमोर ठेवली. रंगीत पानं त्यांनी बाजूला सारली आणि शेवटच्या पानावरच्या वेड्यावाकड्या रेषा बघायला लागले. मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, म्हणजे ईईजी, तो हाच; रंग त्यावरच चढवलेले. कपाळाजवळच्या रेषांवर थोड्या-थोड्या अंतराने मोठमोठे उंचवटे होते. “या पापण्या आहेत,” ते म्हणाले. डोळ्याची पुढची बाजू धन आणि मागची ऋण असते, त्यामुळे पापणी मिटली की कपाळावरच्या तारांमध्ये मोठी संथ लाट उमटते. मेंदूचे स्वतःचे संकेत साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्टच्या (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग) घरातले, म्हणजे अगदी क्षीण. पापणीची लाट त्यांना सहज झाकून टाकते. जाणकार माणूस असे तुकडे आधी काढून टाकतो. इथे ते काढलेच नव्हते. रडवेल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसलेल्या बाईच्या पापण्यांचा तो लाल डाग होता.

पुढचं आणखी वाईट. उपचारांच्या मध्यावर सेंटरने दुसरा नकाशा काढला होता आणि त्यात लाल जाऊन हिरवा आला, म्हणून आम्हाला प्रगती दाखवली होती. डॉक्टरांनी दोन्ही पानांच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली. पहिला ईईजी डोळे उघडे ठेवून घेतला होता, दुसरा डोळे मिटून. डोळे मिटले की पापण्या हलत नाहीत आणि मेंदूच्या अल्फा नावाच्या संथ, नियमित लहरी वाढतात. हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी 1924 साली नोंदवला आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे माहीत आहे. त्या दोन नकाशांची तुलनाच होऊ शकत नव्हती. ईईजी फिट्सच्या आजारात, झोपेच्या तपासणीत मोलाचा आहे, पण असा रंगीत नकाशा बघून एखाद्याला डिप्रेशन आहे की नाही हे ठरवण्याची मान्य पद्धत नाही.

पुढे ताईला त्याच रुग्णालयात खरं टीएमएस दिलं, आणि ते बघितल्यावर पट्ट्याचं खोटेपण माझ्या पुरतं लक्षात आलं. सुरुवातीला प्रश्नच प्रश्न: कधी फिट आली आहे का, डोक्यात क्लिप किंवा धातूचा तुकडा आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) आहे का, पेसमेकर आहे का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. सेंटरमध्ये यातला एकही विचारला नव्हता. मग कानात बोळे घालायला दिले, कारण चुंबकीय स्पंदन देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, म्हणजे कॉइलचा, टक-टक आवाज मोठा असतो. डॉक्टरांनी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला, हाताच्या हालचाली जिथून होतात तिथे धरली आणि एकेक स्पंदन देत गेले. ताईचा उजवा हात मांडीवर सैल पडलेला. एका स्पंदनाला तिचा अंगठा आपोआप टुणकन उडाला. ती दचकली आणि हाताकडे बघत राहिली. मग ताकद कमी-कमी करत, दहापैकी निदान पाच वेळा अंगठा हलेल अशी सगळ्यात कमी ताकद शोधली. तिच्या उपचाराची मात्रा तिथून ठरली, आणि त्यानंतरच कॉइल पुढे, कपाळाच्या दिशेने सरकली.

शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली जे पहिल्यांदा करून दाखवलं ते हेच: बाहेरून चुंबकीय स्पंदन द्यायचं आणि हाताचे स्नायू हलवायचे. त्यासाठी कॉइलजवळ दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लागतं, एमआरआय यंत्राच्या तोडीचं, जरी ते क्षणाच्या अगदी छोट्या अंशापुरतं असलं तरी. बॅटरीवरच्या मुक्या पट्ट्यातून ते येणं शक्य नाही. टीएमएसच्या नावाने पैसे घेतले आणि मात्रा ठरवताना अंगठा किंवा बोट हलतंय का हे कुणी बघितलंच नाही, तर तिथेच उठा आणि विचारा की मात्रा कशी ठरवली.

एफडीएचंही बघून घ्या. अमेरिकेच्या त्या संस्थेने 2008 मध्ये एका विशिष्ट टीएमएस यंत्राला परवानगी दिली, तीही औषधाने गुण न आलेल्या प्रौढांच्या डिप्रेशनसाठी. नुसतं ‘रजिस्टर्ड’ म्हणजे कंपनीने आपलं नाव नोंदवलं, एवढंच. त्याचा अर्थ मान्यता असा होत नाही, आणि अशी नोंदणी-प्रमाणपत्रं एफडीए देतच नाही. पावतीही वाचा. आमच्या पावतीवर ‘टीएमएस’ हा शब्द कुठेच नव्हता, ‘वेलनेस प्रोग्रॅम’ होता. सही घेतलेल्या फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा वैद्यकीय उपचार नाही. पैसे परत मागितले तेव्हा त्यांनी तोच फॉर्म पुढे केला. आम्ही पावती, दोन्ही नकाशे आणि डॉक्टरांचं पत्र जोडून रीतसर तक्रार केली आहे.

खऱ्या टीएमएसने ताई पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागलं. काहींना खूप गुण येतो, काहींना थोडा, काहींना येतच नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तिला बऱ्यापैकी आला. गोळ्या चालू आहेत आणि त्या कमी करायच्या झाल्या तर डॉक्टरच हळूहळू करतील.

तुमच्या घरी कुणी अशा सेंटरच्या सांगण्यावरून गोळ्या सोडल्या असतील आणि डोक्यात झटके बसत असतील, तर सेंटरला फोन करू नका. ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना आजच गाठा, आणि गोळी कोणत्या तारखेला थांबवली तेवढं नक्की सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात घेऊन जा.