पायोनियर पीएल-१२डी: काळी पाचचं गाणं पांढरी पाचात

आधीच सांगून टाकतो, रेकॉर्ड वाजवायच्या ह्या जुन्या टर्नटेबलला पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा मार्क मशीनचा नाही, माझ्या घाईचा आहे.

दिवाळीनंतर चोरबाजारात मटण स्ट्रीटवरून हा टर्नटेबल उचलला. सत्तरच्या दशकातला जपानी माल, बेल्टवर चालणारा, एस अक्षरासारखा वळलेला आर्म, वर अॅक्रिलिकचं झाकण आणि त्यावर पन्नासेक वर्षांचे ओरखडे. दुकानदाराने प्लग लावला, ताट फिरलं, म्हणाला, "देखो सेठ, मक्खन." मीही बघितलं, फिरतंय की. रेकॉर्ड लावून बघितली का? नाही. त्याच्याकडे आवाज मोठा करायचा अॅम्प नव्हता आणि माझ्याकडे धीर नव्हता. घासाघीस करून साडेसात हजारांना घेतला, टॅक्सीत मांडीवर ठेवून गिरगावात आणला, आणि बायकोला पाच हजार सांगितले (ती हे वाचत नाही).

घरी बाबांचा जुना देशी अॅम्प आहे. त्याचा आवाजाचा नॉब फिरवला की भजी तळल्यासारखी करकर यायची, ती लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून गेली. त्याला मागे फोनो लिहिलेलं इनपुट आहे, ते असणं महत्त्वाचं, कारण सुईतून येणारा सिग्नल असतो जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा, आणि रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तार जास्त करून कापलेली असते, फोनोवाला सर्किट ते उलटं करून पुन्हा सरळ करतं. नुसत्या ऑक्समध्ये, म्हणजे साध्या इनपुटमध्ये लावलात तर आवाज डास गुणगुणल्यासारखा येईल आणि तुम्ही सुईला शिव्या घालत बसाल. पहिल्या दिवशी मोठ्ठी घूं पण येत होती, ती टर्नटेबलच्या मागून लोंबणारी बारीक अर्थिंगची वायर अॅम्पच्या स्क्रूला लावल्यावर गप्प झाली.

मग भीमसेनजींची एलपी लावली. काय सांगू, एवढा घुमारा! मी डोळे मिटून बसलो, ताना कशा सावकाश उलगडतायत, वा. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की डिजिटलमध्ये हे वजन येत नाही राव.

तिसऱ्या दिवशी आईने तिच्या आवडीची भावगीतांची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, लावायला सांगितली. पहिल्या ओळीलाच म्हणाली, "ह्या बाईंना सर्दी झालीय का?" मी म्हटलं जुनी रेकॉर्ड आहे, असंच असतं. ती काही बोलली नाही, उठली, कपाटावरची पेटी खाली काढली, सूर धरला. "हे गाणं काळी पाचचं आहे, मी पेटीवर बसवलंय. तुझं यंत्र पांढरी पाच वाजवतंय, तीही उतरलेली."

झालं. काळी पाचवरून पांढरी पाच म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्या खाली, म्हणजे रेकॉर्ड खराब नाही, वेग खराब. घड्याळ लावून बघितलं तर एलपीची वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालत होती!

कारण नंतर कळलं. ह्यातली मोटर सिंक्रोनस आहे, म्हणजे ती व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर पळते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जपानात तर अर्ध्या देशात ५० आणि अर्ध्यात ६०. त्यामुळे मोटरवरची पितळी पुली दोन मापांची यायची, जिथे विकायचा तिथली. माझा पीस कुठून फिरत आला देव जाणे, मागचं व्होल्टेज कोणीतरी नीट २२० वर केलेलं, पण पुली तीच ६० वाली ठेवलेली. मिनिटाला १८०० फेऱ्यांची मोटर आपल्या विजेवर १५०० ने फिरणार, मग ताटाचा मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा वेग सत्तावीस-अठ्ठावीस होणार. आणि मी सावकाश तानांचं कौतुक करत होतो.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "चालू तो है ना?" बरोबरच आहे म्हणा.

मूळ पुली बाहेरून मागवायची तर किंमत आणि कस्टम बघून मोबाइल बंद केला. खेतवाडीत एक लेथवाले मामा आहेत, त्यांच्याकडे पुली घेऊन गेलो. आयुष्यभर पंपांचे शाफ्ट केलेला माणूस, गोटीएवढी पितळी पुली बघून हसला. व्हर्नियरने पुलीच्या दोन्ही पायऱ्या (एक ३३ ची, एक ४५ ची) मोजल्या, मी म्हटलं दोन्ही सव्वापटीला जरा कमी, नेमकं १.२ पट करा. तासाभरात करून दिली. घरी लावली, तरी किंचित मागेच. पुन्हा गेलो तर मामा आधी माझ्याकडे बघतात मग पट्ट्याकडे, म्हणाले, "पट्ट्याची जाडी कोण धरणार, तुमचा जावई?" खरंच की, पट्ट्याची जाडीही मापात येते, ती आम्ही धरलीच नव्हती. दुसरी पुली केसभर जाड केली. दोन्हींचे मिळून सहाशे रुपये, दुसरीचे ते घेतच नव्हते.

वेग तपासायला फोनवर अॅप आहेत, पण मी स्ट्रोब डिस्क वापरतो. कागदी चकती, कडेला १८० रेघा, ताटावर ठेवायची आणि वर जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावायची. ५० हर्ट्झवर ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, मागे पडत असेल तर उलट्या सरकतात. चांगल्या एलईडीखाली काहीच दिसत नाही. त्या एका कामासाठी स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब मी काढू देत नाहीये.

आता आवाज. कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला भाग, नवीन घातलं, ऑडिओ टेक्निकाचं व्हीएम९५ई, ते ज्यात बसतं ते आर्मच्या टोकाचं हेडशेल सुटं निघतं म्हणून बसवणं सोपं, छोट्या डिजिटल काट्यावर सुईचं वजन बरोब्बर दोन ग्रॅम. तंबोऱ्याची जवारी आता खोलीभर पसरते आणि तबल्याची चाट कुरकुरीत येते, खर्ज मात्र आजच्या साउंडबारसारखा छातीवर बसत नाही, तसला हवा असेल तर ह्या भानगडीत पडू नका.

आमच्या चाळीची जमीन लाकडी. शेजारच्या काकू कॉमन गॅलरीतून पाणी घेऊन गेल्या की सुई उडी मारायची, समेच्या आधीच पुढच्या आवर्तनात. सुताराकडून भिंतीत ब्रॅकेट मारून घेतलं, त्यावर टर्नटेबल. आता काकू नाचल्या तरी चालेल.

वैताग दोनच. एक, पूर्ण मॅन्युअल आहे, बाजू संपली की आर्म स्वतः उचलायचा, जेवताना लावलात तर उष्ट्या हाताने पळायची तयारी ठेवा. दोन, वेग फक्त ३३ आणि ४५. आजोबांच्या ७८ च्या वेगाच्या लाखेच्या तबकड्या पलंगाखालच्या ट्रंकेत तशाच. पावसाळ्याबद्दल मशीनला दोष नाही, पण कव्हरांना बुरशी येते, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रेकॉर्डी उभ्याच ठेवा.

कोणी विचारतं डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणारा, का नाही घेतलास. ते वेगाला पक्के असतात, मान्य, पण आतली कंट्रोलची चिप, म्हणजे आयसी गेला आणि तो बनायचा बंद झाला असेल तर मी कुठे जाऊ? ह्याचं जे बिघडेल ते खेतवाडीत दुरुस्त होईल.

परवा दुकानदाराचाच फोन आला, ७८ वाला एक प्लेअर आलाय म्हणे, मक्खन. माझ्या स्ट्रोब डिस्कवर ७८चंही वर्तुळ आहे, आणि त्याच्या दुकानात चोकवाली ट्यूबलाइट आहे हे माझ्या पक्कं लक्षात आहे.