अक्कल गुडघ्यात आणि गुडघे हप्त्यावर

डोंबिवली स्टेशनचा पूल मी गेली दोन वर्षं खेकड्यासारखी तिरकी उतरत होते. एक हात कठड्याला, आणि मागून येणारी गर्दी पुटपुटत पुढे जायची. वय 51. चढताना फार त्रास नव्हता, पण उतरताना डावा गुडघा बोंब मारायचा. लेडीज डब्यात सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणे वंगण संपलं, कोणी म्हणे वाटी बदला, कोणी म्हणे सकाळी भिजवलेली मेथी गिळा. मला शस्त्रक्रियेची धास्ती होती, त्यामुळे शस्त्रक्रिया नको म्हणणारा कोणीही मला देव वाटला असता. थोडक्यात, मी गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसले होते.

जून 2024 मधल्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये 'मोफत गुडघे तपासणी शिबिर' झालं. जवळच नवीन उघडलेल्या एका फिटनेस स्टुडिओचं. वजनकाट्यासारख्या यंत्रावर अनवाणी उभं राहायचं, दोन हँडल धरायची, आणि मिनिटभरात रंगीत कागद बाहेर यायचा. माझ्या कागदावर लाल पट्ट्यावर छापलं होतं: गुडघ्यांचं वय 71. शेजारच्या वहिनी माझ्या मागे रांगेत होत्या, त्यांना 70 आलं. हे दोन कागद शेजारी ठेवून बघायची बुद्धी तेव्हा दोघींनाही झाली नाही.

पांढरा कोट घातलेल्या बाई मला म्हणाल्या, "मांड्या मजबूत करा, गुडघ्यावरचा भार कमी होईल. नुसतं चालून भागणार नाही."

हे वाक्य खरं आहे. नंतर खऱ्या डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं. मी फसले ती खोट्या गोष्टीला नाही, खऱ्या गोष्टीला. गंडा बांधणारा बाबा असता तर मी हसून घरी आले असते. हे लोक मात्र शास्त्राचंच बोलत होते, आणि त्या एका खऱ्या वाक्याच्या मागे बाकी सगळं आत शिरलं: सहा महिन्यांत वंगण परत तयार होईल, झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची मऊ गादी) भरून येईल, लेखी गॅरंटी. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही. मांडीचे स्नायू सांध्याला सांभाळून घेतात, दुखणं कमी होतं, आणि तेही पुष्कळ आहे. पण 'दुखणं कमी होईल' या वाक्याचे 54,000 रुपये कोण देणार?

इतके पैसे एकदम नाहीत म्हटल्यावर स्टुडिओतला मुलगा लगेच म्हणाला, "काकू, महिना फक्त 6,000, नऊ महिने, नो कॉस्ट." माझा आधार आणि पॅन घेतलं, मोबाईलवर आलेला ओटीपी "नावनोंदणीसाठी" विचारला, आणि मी तो सांगितला. ओटीपी कोणाला सांगू नका असं मी स्वतः पतसंस्थेच्या काउंटरवर बसून रोज लोकांना सांगते, म्हणून ही ओळ लिहिताना लाज वाटते आहे.

ती नावनोंदणी नव्हती, कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर 54,000 चं कर्ज काढून पैसे थेट स्टुडिओला दिले, वर 1,179 रुपये प्रोसेसिंग फी मला लावली. दुसऱ्या दिवशी कर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला. विचारलं तर उत्तर मिळालं, "ते सिस्टीमचं असतं काकू." मेसेजमधल्या लिंकवर कर्जाचं माहितीपत्रक होतं, आणि त्यात लिहिलं होतं की तीन दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येईल. डिजिटल कर्जासाठी अशी मुदत ठेवायचा नियम रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये केला होता. मी ते पत्रक ऑगस्टमध्ये उघडलं.

आता व्यायामाचं. पांढऱ्या कोटातल्या बाई नंतर दिसल्याच नाहीत. तेवीस-चोवीस वर्षांचा ट्रेनर पहिल्याच आठवड्यात मला खुर्चीसारख्या मशीनवर बसवून, नडगीवर 25 किलो घेऊन पाय पूर्ण सरळ करायला लावायचा. मग खोल बैठका, मग उड्या मारत बैठका. दुखतंय म्हटलं की म्हणायचा, "दुखतंय म्हणजे वंगण तयार होतंय." तिसऱ्या आठवड्यात गुडघा एवढा सुजला की वाटी कुठे आहे ते हाताला लागेना.

अस्थिरोगतज्ज्ञांनी उभं करून एक्स-रे काढला. झीज होती, पण सुरुवातीची. वाटीमागचा भाग चिडला होता. मशीनवर वजन घेऊन पाय शेवटपर्यंत सरळ करताना, आणि उलट खोल बैठकीत खाली जाताना, वाटीवरचा दाब फार वाढतो, आणि माझ्याकडून हे दोन्ही करून घेतलं गेलं होतं. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. 400 रुपये एक वेळ, सहा वेळा. एकूण 2,400.

तिथे शिकवलेलं फारच साधं होतं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे थांबायचं. पाठीवर झोपून पाय सरळ वर. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, कारण कंबरेचा बाजूचा स्नायू ढिला असला की चालताना गुडघा आत झुकतो. खुर्चीवर उशी ठेवून, हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, आणि जमायला लागलं की उशी काढायची. मग पाटावर एक पाय ठेवून चढ-उतार. (पाटाला पाय लावायला सासूबाईंनी हरकत घेतली, म्हणून जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या दोरीने बांधून घेतल्या.) दुखण्याचा नियमही सांगितला: करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं, सूज आली, तर कालचा व्यायाम जास्त झाला, आज कमी. आणि नुसता कटकट आवाज होतो, दुखत नाही, तर घाबरायचं नाही. दुखण्याचा हा एक नियम त्या ट्रेनरने सांगितला असता तरी माझा गुडघा वाचला असता.

पैसे परत मागायला गेले तेव्हा 'काकू'ची 'मॅडम' झाले होते. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'रक्कम परत मिळणार नाही' छापलं होतं. "पॅकेज मिस्टरांच्या नावावर करून देतो मॅडम." ऑक्टोबरमध्ये शटर खाली आलं ते आलंच. हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून जात राहिला. फायनान्स कंपनीचं म्हणणं, आम्ही पैसे दिले, तुमचं भांडण स्टुडिओशी.

मग मी दुसरी चूक केली. रागाच्या भरात बँकेतली हप्त्याची परवानगी बंद केली. बाउन्सचा दंड लागला, वसुलीचे फोन ऑफिसात यायला लागले, कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअर घसरला. भाच्याने झापलं: हप्ता नुसता थांबवू नकोस, आधी कंपनीला लेखी तक्रार दे, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. तसं केल्यावर निदान बाउन्सचा दंड माफ झाला. उरलेले हप्ते मी 'तक्रार कायम ठेवून' असं लेखी कळवून भरले.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण बंद शटरला कोण उत्तर देणार? शेवटी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. स्टुडिओचा मालक आणि फायनान्स कंपनी दोघांनाही प्रतिवादी केलं. पावती, कर्जाचं पत्रक, ट्रेनरचे व्हॉट्सअॅप मेसेज, सुजलेल्या गुडघ्याचे तारखेसह फोटो, एक्स-रे, सगळं जोडलं. हे सगळं मी जपून ठेवलं होतं ते शहाणपणाने नव्हे, कपाटात काहीच न टाकण्याच्या सवयीने.

गुडघ्यांचं वय 71 असलेला तो रंगीत कागदही जोडला आहे. त्याच्यामागे वहिनींचा 70 वाला. त्यांचं वय 38 आहे, आणि त्यांनी स्वतःहून आधार कार्डाची झेरॉक्स आणून दिली.