अँटिऑक्सिडंट ३१९ की ३०७, कुठलं पाकीट घ्यायचं?

दुकानात वेफर्स-फरसाणाची दोन पाकिटं हातात घेऊन ठरत नसेल ना, तर दोन्ही उलटी करा आणि घटकांच्या यादीत ‘अँटिऑक्सिडंट’च्या पुढचा नंबर शोधा, अक्षरं बारीक असतात पण आयएनएस (म्हणजे खाद्यपदार्थात घातलेल्या अशा घटकांचा आंतरराष्ट्रीय नंबर) लिहिलेलं सहसा सापडतं. पुढच्या बाजूला ‘नो प्रिझर्वेटिव्हज’ छापलंय त्यावर जाऊ नका, लेबलवर प्रिझर्वेटिव्ह आणि अँटिऑक्सिडंट हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यामुळे तसं लिहूनही आत ३१९ निघू शकतो.

३१९ म्हणजे टीबीएचक्यू, ३२० बीएचए, ३२१ बीएचटी, तिन्ही कृत्रिम. दुसरीकडे ३०६ आणि ३०७ म्हणजे टोकोफेरॉल, आपलं ई जीवनसत्त्व, आणि ३९२ म्हणजे रोजमेरीचा अर्क. काम सगळ्यांचं एकच, तेल खवट होऊ द्यायचं नाही.

पण ताकद सारखी नाही. वनस्पती तेलात टीबीएचक्यू जबरदस्त चालतो, टोकोफेरॉल तेलात मुळातच असतं त्यामुळे वरून आणखी घालून तितका फरक पडत नाही. म्हणून ३०७ वालं घेताना पॅकिंगची तारीख ताजी बघा आणि लहान पाकीट घ्या.

आता हे कृत्रिम अँटिऑक्सिडंट घातक असतात या भीतीचं बोलू. आपल्याकडे खाद्यतेलात टीबीएचक्यूची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे, आणि जेक्फा या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने रोजचं सुरक्षित प्रमाण ठरवलंय वजनाच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे २० किलोच्या पोराला १४ मिलिग्रॅम, तेवढं पोटात जायला मर्यादेपर्यंत टीबीएचक्यू घातलेलं ७० ग्रॅम तेल रोज लागेल. एका पाकिटाने काही होत नाही, पण वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, फरसाण सगळं एकाच दिवशी आणि तेही रोज असेल तर मला ते पटत नाही. जपानमध्ये टीबीएचक्यूला परवानगीच नाही, युरोपात आहे. बीएचएने उंदरांच्या पोटात गाठी झाल्या होत्या हे खरंय, पण त्या जठराच्या ज्या भागात झाल्या तो भाग माणसाला नसतोच.

माझं मत विचाराल तर मुलांच्या रोजच्या डब्यासाठी ३०६, ३०७ वालं किंवा अँटिऑक्सिडंट नसलेलं ताजं घ्या, प्रवासासाठी कधीतरी ३१९ वालं घेतलं तर बिनधास्त खा. सुट्ट्या फरसाणावर लेबलच नसतं, तिथे दुकानदाराला कुठलं तेल वापरता ते विचारा आणि जमलं तर तेलाच्या डब्यावरचा नंबर बघा. आणि नंबर कुठलाही असो, वास खवट आला तर सरळ टाकून द्या.