आठवड्याची ६०,००० युनिटची मात्रा की रोजची छोटी गोळी?

ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळल्यावर आपल्याकडे बहुधा ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण ८ आठवडे दिली जाते. दुसरा मार्ग रोज १,००० ते २,००० युनिटच्या गोळीचा आहे. साप्ताहिक मात्रेने कमतरता लवकर भरून निघते, परंतु ती चुकून रोज घेतली गेली, किंवा जुनीच चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने चालू राहिली, तर हे जीवनसत्त्व चरबीत साठत जाते, रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, पुढे मूत्रपिंडाला इजा असा त्रास होतो, जो औषध थांबवल्यावरही काही आठवडे टिकू शकतो. घरातील वृद्धांसाठी तर मात्रेचा वार कॅलेंडरवर लिहूनच ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रोजच्या गोळीत एखादी चूक एवढी महाग पडत नाही. प्रौढांसाठी वैद्यकीय देखरेखीविना रोज ४,००० युनिट ही वरची मर्यादा मानली जाते. म्हणून कमतरता तीव्र नसेल, तर मला हाच मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी मात्र यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.