घोड्याची पाठ भरायची आहे: आधी स्वारी, की आधी जमिनीवरचा सराव?

लग्नसराई संपल्यावर किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून नवा घोडा गावी आणल्यावर, मानेच्या मुळापाशी पडलेले खळगे, वर आलेली कण्याची धार आणि उतरते पुठ्ठे पुष्कळदा नजरेस पडतात. अशी पाठ भरून काढण्यासाठी खोगीर चढवून शिकवणीची स्वारी सुरू करावी, की स्वाराविना जमिनीवरूनच काम घ्यावे, हे ठरवण्यापूर्वी पाठ वजन कशी पेलते हे समजून घेतले पाहिजे. कण्यालगतचे लांब स्नायू मुख्यतः हालचालीसाठी असतात. घोड्याने पोट आवळून मागचे पाय अंगाखाली घेतले आणि मान पुढे व खाली सोडली, म्हणजे पाठ वर उचलली जाते आणि स्वाराचा भार तिला सोसतो.

नेमके याच्या उलट वरातीत घडते. घोडी ऐटबाज दिसावी म्हणून लगाम आवळून तिचे डोके उंच बांधले जाते, त्यामुळे पाठ खाली दबते, मानेच्या खालच्या बाजूचे स्नायू फुगतात आणि वरचे वाळत जातात. नाचवलेल्या घोडीची मान भरदार दिसली तरी तो भरदारपणा चुकीच्या जागी असतो, आणि खरेदी करणाऱ्याने हे आवर्जून पाहावे.

स्वारीचा मोठा गुण असा की, जाणता स्वार चाल वारंवार बदलून, मध्येच थांबवून व बाजूला पावले टाकायला लावून मागच्या पायांकडून अचूक काम करवून घेऊ शकतो. मात्र त्याला भाराची किंमत मोजावी लागते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे 350 किलोच्या घोड्यावर एकूण 70 किलो, आणि अशक्त पाठीवर त्याहूनही कमी. शिवाय कण्याची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असल्याने कोवळ्या शिंगरावर घाईने बसणे मला मुळीच मान्य नाही.

जमिनीवरच्या सरावात पाठीवर भार नसतो. लांब दोरीवर फिरवणे, मागून लांब लगामांनी हाकणे, जमिनीवर ठेवलेल्या बल्ल्यांवरून चालवणे, सरळ रेषेत मागे हटवणे आणि हलक्या चढणीवर सावकाश चालवणे हे सगळे त्यात येते. साध्या चालीसाठी दोन बल्ल्यांत सुमारे 80 सेंटिमीटर अंतर ठेवून ते घोड्याच्या पावलाप्रमाणे कमी-जास्त करावे. दोरीवरच्या कामात मात्र धोका आहे. लहान वर्तुळात सतत फिरवल्यास सांध्यांवर एकांगी ताण येतो, म्हणून वर्तुळ साधारण 20 मीटर व्यासाचे असावे, दिशा बदलत राहावी आणि एका वेळी 15 ते 20 मिनिटांवर जाऊ नये. आपली काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मुरमाची सपाट जागा शोधावी, व मे महिन्यात सूर्य वर येण्यापूर्वीच काम आटोपावे.

माझा कौल स्पष्ट आहे. पाठ उतरलेल्या घोड्याला आधी पशुवैद्यकाकडून दात, जंत आणि खोगिराच्या जखमा तपासून घ्याव्यात, मग किमान सहा ते आठ आठवडे जमिनीवरचाच सराव द्यावा, आणि पाठ भरू लागल्यावर हलकी स्वारी एक दिवसाआड मिसळावी. निरोगी, भरल्या पाठीच्या प्रौढ घोड्यासाठी स्वारीच मुख्य ठेवून आठवड्यातून दोन दिवस जमिनीवरचे काम पुरते.

कोणताही मार्ग घेतला तरी नुसत्या कडब्यावर आणि कुटारावर स्नायू चढत नाहीत, कारण त्यांत प्रथिने फार कमी असतात. लसूणघास, भिजवलेला हरभरा किंवा भाजलेले सोयाबीन यांची जोड द्यावी. कच्चे सोयाबीन प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते. नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. पाठ भरत गेली की जुने खोगीर तिच्यावर बसेनासे होते, म्हणून महिन्यातून एकदा ते पुन्हा तपासून पाहावे.